फळ, कीड आणि सरहद्द : प्रवाशाच्या पिशवीवरील दीडशे वर्षांचा पहारा

१/
२८ जानेवारी १९१० या दिवशी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे, चेरीच्या सुमारे दोन हजार झाडांची होळी करण्यात आली. ही झाडे टोकियो शहराने मैत्रीची भेट म्हणून पाठविली होती. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या पत्नी हेलन टॅफ्ट यांची नदीकाठी चेरी फुललेली पाहण्याची इच्छा होती आणि टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी ती आनंदाने मनावर घेतली होती. मात्र सरकारी कीटकशास्त्रज्ञांनी झाडे तपासली तेव्हा मुळांवर गाठी, सालीवर खवलेकीड आणि खोडात पोखरणाऱ्या अळ्या आढळल्या. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः संमती दिली आणि एका मित्रराष्ट्राची भेट अग्नीच्या स्वाधीन झाली.

२/
आज परदेशी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला विचारले जाते : सामानात फळ, बियाणे, रोप किंवा माती आहे काय? उत्तर खोटे निघाले तर अनेक देशांत जबर दंड बसतो. गावाकडून प्रेमाने बांधून दिलेली आंब्याची पेटी डोळ्यांदेखत जप्त होते, तेव्हा हा नियम कोणाही सज्जनाला निव्वळ आडमुठेपणा वाटावा. परंतु या नियमाच्या प्रत्येक ओळीमागे कोठल्या तरी उद्ध्वस्त शिवाराची आठवण आहे. फ्रान्सचे द्राक्षमळे, मुंबई बंदरातील कापसाच्या गाठी, विदर्भाचा कपाशीपट्टा आणि कोकणचा हापूस या सर्वांचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. या धाग्यात त्याचाच मागोवा.

३/
प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की मानवी इतिहासाच्या फार मोठ्या भागात वनस्पतींना सरहद्द अशी नव्हतीच. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पेरू, पपई ही सारी अमेरिका खंडाची देणगी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून यांपैकी कित्येक वनस्पती गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. त्या वेळी धक्क्यावर उभा असलेला अंमलदार मालाची जकात मोजत असे. पानाखाली दडलेली कीड पाहणे हे त्याचे काम नव्हते. आज कोकणी आणि देशी स्वयंपाकाची ओळख ठरलेले अनेक पदार्थ या मोकळ्या दारातून आले. म्हणजे दार बंद ठेवणे हा जगाचा मूळ स्वभाव नव्हता. ते बंद करण्याची वेळ का आली, हाच खरा प्रश्न आहे.

४/
त्या काळी एक नैसर्गिक पहारा अस्तित्वात होता : संथ प्रवास. शिडाच्या जहाजाला महासागर ओलांडण्यास कित्येक आठवडे लागत. खाऱ्या वाऱ्याने रोपे मरत आणि त्यांच्यासोबत किडीही मरत. १८२९ मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या ध्यानात आले की बंद काचेच्या बाटलीत ओलावा टिकून नेच्याचे रोप तग धरते. १८३३ मध्ये त्यांच्या काचपेट्या रोपांसह सिडनीला सुखरूप पोहोचल्या. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली. साम्राज्यांच्या मळ्यांना या पेटीने नवे बळ दिले. परंतु पेटीत रोप जगते म्हणजे मातीतली अळी, बुरशी आणि सूत्रकृमीही जगतात, याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही. वाफेच्या बोटींनी उरलेसुरले अंतरही कमी केले.

५/
परिणाम लवकरच दिसू लागले. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. हा रोग अमेरिका खंडातून आला होता आणि गरिबांचे सारे पोषण त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत भूक आणि साथींनी सुमारे दहा लाख माणसे मेली. तितक्याच लोकांनी देश सोडला. सरकारच्या निष्ठुर धोरणाने या आपत्तीत भर घातली हे खरे, पण ठिणगी एका परक्या रोगजंतूची होती. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा आढळला आणि काही दशकांतच त्या बेटावरील कॉफीची जागा चहाने घेतली. तरीही यातून सरहद्दीवरील कायदा जन्मला नाही. त्यासाठी युरोपातील धनवान बागायतदारांचे नुकसान व्हावे लागले.

६/
१८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील द्राक्षवेली कारण न कळता वाळू लागल्या. मेलेली वेल उपटून पाहिली तर मुळे कुजलेली दिसत, कीड मात्र दिसत नसे. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलींऐवजी अजून जिवंत असलेल्या वेलींची मुळे उकरली. भिंगाखाली पिवळसर, मुंगीहूनही लहान किड्यांचे थर दिसले. मेलेल्या वेलीवर अन्न उरत नाही म्हणून कीड शेजारच्या वेलीकडे सरकत होती. तपासनीस इतके दिवस तिने सोडलेले घर धुंडाळत होते. फिलॉक्सेरा या नावाने ओळखली गेलेली ही कीड अमेरिकेची रहिवासी होती. शोभेसाठी आणि प्रयोगासाठी आणलेल्या अमेरिकी वेलींबरोबर ती आली होती.

७/
फ्रान्सचे वाइन-उत्पादन १८७५ मध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर होते. १८८९ पर्यंत ते अडीच कोटींच्याही खाली घसरले. सरकारने उपाय शोधणाऱ्यास तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. मळे पाण्यात बुडविले गेले, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचले गेले. अखेरीस जो उपाय टिकला तो मोठा विलक्षण होता : ज्या अमेरिकेतून कीड आली तिथल्याच वेलींची मुळे ती सहन करीत होती, म्हणून त्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम बांधायचे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारालाही खुंट आणि कलम ही जोडी आज परिचित आहे. मात्र तोवर लाखो हेक्टर मळे नष्ट झाले होते आणि असंख्य कुटुंबे जमीन सोडून शहरांकडे किंवा अल्जीरियाकडे निघून गेली होती.

८/
याच आपत्तीतून सप्टेंबर १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे फिलॉक्सेराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, स्वित्झर्लंड आदी राष्ट्रे त्यात सामील होती. वेलींची ने-आण नियंत्रित करायची, बाधित क्षेत्रे जाहीर करायची आणि मालासोबत तपासणीचा दाखला द्यायचा, ही आजच्या साऱ्या व्यवस्थेची मुळाक्षरे तेथे प्रथम गिरविली गेली. त्याच सुमारास बटाट्यावरील कोलोरॅडो भुंग्याच्या भयाने जर्मनीने १८७५ मध्ये अमेरिकी बटाट्यावर बंदी घातली आणि ब्रिटनने १८७७ मध्ये विनाशकारी कीटकांविषयीचा कायदा केला. जकातनाक्यावरच्या अंमलदाराला आता एक नवे काम मिळाले : पान उलटून पाहणे.

९/
अमेरिका मात्र या बाबतीत मागे राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तेथे परदेशी रोपांवर संघराज्याचा असा कायदाच नव्हता. या प्रश्नावर दोन बालमित्र समोरासमोर उभे ठाकले. डेव्हिड फेअरचाइल्ड हे सरकारचे वनस्पती-संग्राहक. जगभर फिरून नवी फळे, धान्ये आणि फुले स्वदेशी पाठविणे हे त्यांचे कार्य. चार्ल्स मार्लाट हे कीटकशास्त्रज्ञ. सॅन होजे खवलेकिडीचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी चीन-जपानपर्यंत प्रवास केला होता. एकाला प्रत्येक परकी रोपात भावी समृद्धी दिसे, दुसऱ्याला भावी संकट. दोघांचेही म्हणणे पुराव्याला धरून होते, म्हणूनच तो वाद इतका कडवट झाला.

१०/
चेरीची होळी हा या वादातील निर्णायक प्रसंग ठरला. जपानने तो अपमान मानला नाही. दुसऱ्या खेपेसाठी खुंट काळजीपूर्वक निवडले गेले, टोकियोच्या अराकावा नदीकाठच्या झाडांच्या फांद्या कलमासाठी घेतल्या गेल्या. मार्च १९१२ मध्ये ३,०२० झाडे वॉशिंग्टनला पोहोचली आणि तपासणीत निर्दोष ठरली. २७ मार्च रोजी पहिली दोन झाडे श्रीमती टॅफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी चिंदा यांच्या हस्ते लावली गेली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, २० ऑगस्ट १९१२ रोजी, अमेरिकेचा वनस्पती क्वारंटाइन कायदा अमलात आला. आज त्या नदीकाठी चेरीचा जो बहर पाहण्यास जग लोटते, तो कडक तपासणीतून पार पडलेल्या झाडांचा बहर आहे.

११/
हिंदुस्थानात हा विचार आला तो कापसाच्या गाठीतून. अमेरिकेच्या कपाशीवरील सोंडवाला बोंडभुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि तीस वर्षांत त्याने दक्षिणेकडील जवळजवळ सारा कपाशीपट्टा व्यापला. अलाबामातील एंटरप्राइझ या गावाने कपाशी सोडून भुईमूग धरला आणि त्या बदलाचे निमित्त ठरलेल्या भुंग्याचेच स्मारक १९१९ मध्ये उभारले! मुंबईच्या गिरण्यांना बारीक सुतासाठी लांब धाग्याची अमेरिकी रुई हवी असे. त्या गाठींतून भुंगा उतरला तर खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कपाशीचे काय होईल, हा प्रश्न सरकारला पडला. म्हणून अमेरिकी कापूस केवळ मुंबई बंदरातूनच उतरवायचा आणि त्याला विषारी वायूची धुरी द्यायची, असा दंडक घातला गेला.

१२/
या चिंतेला ३ फेब्रुवारी १९१४ रोजी कायद्याचे रूप मिळाले. ‘विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम, १९१४’ हा कायदा आकाराने अगदी लहान आहे. पिकांना अपाय करू शकेल अशा कोणत्याही वस्तूची आयात अधिसूचनेद्वारे रोखण्याचा वा नियंत्रित करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला आणि अंमलबजावणी जकात अधिकाऱ्यांकडे सोपविली. त्यामागे गिरणीमालक, निर्यातदार आणि सरकारी महसूल यांचे हितसंबंध होते, यात शंका नाही. तथापि त्याचा लाभ कपाशी पिकविणाऱ्या कुणब्यालाही झाला. तो अमेरिकी बोंडभुंगा आजवर भारतात स्थिरावू शकलेला नाही. जे संकट आलेच नाही त्याची बातमी होत नाही. म्हणून या यशाची नोंद सामान्य वाचकाच्या स्मरणात नसते.

१३/
परंतु या कथेला एक उलटी बाजू आहे. हिंदुस्थान केवळ बळी नव्हता. १८४० च्या दशकाच्या आरंभी भडोचच्या कपाशीवरील एका अळीचे नमुने इंग्लंडला गेले आणि सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तीच गुलाबी बोंडअळी. ही अळी सरकीच्या आत दडून दीर्घकाळ सुप्त राहू शकते आणि तिच्या प्रवासाचे रहस्य यातच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिंदुस्थानातून इजिप्तमध्ये पोहोचली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत गेली आणि १९१७ मध्ये टेक्ससमध्ये आढळली. मुंबई बंदरात अमेरिकी भुंग्याला धुरी दिली जात होती, त्याच काळात इकडची अळी अमेरिकेच्या दारात उभी राहत होती.

१४/
यानंतरच्या शंभर वर्षांचा हिशेब विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेने कपाशीमुक्त पट्टे ठरविले, नांगरटीच्या तारखा बांधून दिल्या, नपुंसक केलेले पतंग सोडले, पुढे बीटी वाण आणि गंधसापळे यांची जोड दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे आपल्या कपाशीपट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या हंगामात, हीच अळी बीटी कपाशीला दाद न देता विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरत होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. सरहद्दीवरचा नियम कीड रोखू शकतो. घरात वसलेल्या किडीपुढे मात्र संघटित आणि सातत्याच्या प्रयत्नांवाचून तरणोपाय नसतो.

१५/
कायदा असूनही दार उघडे राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्राला दूर शोधावी लागत नाहीत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पांढऱ्या फुलांचे एक परके तण नोंदले गेले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. लोकांनी त्याला गाजर गवत म्हटले, काँग्रेस गवतही म्हटले. पुढील काही दशकांत ते बांधांवर, माळांवर, रेल्वेच्या कडेला देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेचे विकार होतात, परागाने दमा बळावतो, गुरे ते खात नाहीत. टोमॅटोची पाने-फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकेची नागअळी २०१४ मध्ये भारतात प्रथम आढळली तीही पुणे परिसरातच. अन्नटंचाईच्या काळात धान्याच्या बोटीला धक्क्यावर थांबविणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

१६/
बोटी आणि गाठी यांच्यापुरता असलेला हा पहारा प्रवाशाच्या पिशवीपर्यंत कसा आला? याचे उत्तर फळमाशीत आहे. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. बाहेरून फळ निर्दोष दिसते, आत अळ्या वाढतात, पुढे मातीत उतरून कोष करतात. १९२९ मध्ये फ्लॉरिडात भूमध्य फळमाशी आढळली तेव्हा रस्त्यांवर सैनिक उभे करून वाहने तपासली गेली आणि बागांतील फळे तोडून नष्ट केली गेली. कॅलिफोर्नियात १९८० नंतर हीच माशी पुन्हा दिसली. १९८१ मध्ये लोकवस्तीवर हेलिकॉप्टरने कीटकनाशक फवारण्याचा निर्णय घ्यावा लागला आणि त्यावर मोठे राजकीय वादळ उठले. विमानाने प्रवास काही तासांवर आणला होता. अळीला आता महासागर ओलांडायला एका जेवणाचा अवधी पुरत होता.

१७/
म्हणूनच व्यापाऱ्याच्या शंभर पेट्यांइतकेच प्रवाशाचे एक फळ संशयास्पद ठरले. व्यापारी माल तपासला जातो, त्यावर प्रक्रिया होते, त्याच्यासोबत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र असते. पिशवीतल्या फळाला यांपैकी काहीच नसते आणि ते बहुधा घराच्या परसातून, म्हणजे ज्या झाडावर कसलीही देखरेख नाही अशा झाडावरून आलेले असते. १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या विमानतळावर बीगल जातीच्या कुत्र्यांना सामान हुंगण्याच्या कामावर नेमले गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी तर प्रवाशाच्या बुटांना लागलेल्या मातीपर्यंत चौकशी नेली. बेटांवरील शेती आणि निसर्ग परक्या किडीपुढे विशेष दुबळे असतात, हा त्यामागील अनुभव.

१८/
जागतिक पातळीवर १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर आणखी एक करार अमलात आला. त्याचे तत्त्व असे : प्रत्येक देशाला आपली पिके राखण्याचा हक्क आहे, परंतु त्या नियमाला शास्त्रीय आधार हवा आणि तो व्यापार अडविण्याचे निमित्त होता कामा नये. हे तत्त्व कागदावर जितके स्वच्छ आहे तितके व्यवहारात नाही. नियम खरोखर किडीसाठी आहे की स्थानिक बागायतदाराच्या संरक्षणासाठी, हे ओळखणे कठीण असते; कारण बहुतेक वेळा दोन्ही हेतू एकाच नियमात एकत्र नांदतात. या गुंत्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे आपला आंबा.

१९/
१८८९ मध्ये भारतातून आंब्याची कलमे अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात गेली. त्यांतील मुळगोबा वाणाच्या रोपापासून पुढे ‘हेडन’ हा लाल आंबा निपजला आणि आज अमेरिकी बाजारात दिसणाऱ्या कित्येक वाणांचे कूळ त्याच्याशी जोडलेले आहे. बरोबर शंभर वर्षांनंतर, १९८९ पासून, भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार बंद झाले. आक्षेप दोन होते : फळमाशी, आणि कोयीच्या आत राहणारा भुंगा. पूर्वी ज्या रसायनाची धुरी दिली जाई ते आरोग्यास घातक म्हणून बाद झाले होते. फळमाशी गरम पाण्याने वा वाफेने मारता येते. जपानने २००६ मध्ये याच मार्गाने आपली बंदी उठविली. कोयीतल्या भुंग्यापर्यंत मात्र ती उष्णता फळ न बिघडविता पोहोचू शकत नव्हती.

२०/
उत्तर सापडले ते नाशिक जिल्ह्यातील लासलगावात. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले होते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा दिली की आंब्यातील किडीची वाढ व प्रजनन थांबते. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या भारतभेटीत आंब्याचा विषय उच्चस्तरीय चर्चेत आला आणि एप्रिल २००७ च्या अखेरीस हापूस-केसरची पहिली खेप न्यूयॉर्कला उतरली. मात्र प्रक्रिया अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी अशी अट होती. महासाथीत ते निरीक्षक येऊ शकले नाहीत, तेव्हा २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम ही निर्यात बंद राहिली. आंबा तयार, केंद्र तयार. तपासणारा माणूस नाही म्हणून सरहद्द बंद!

२१/
युरोपचा अनुभव याहून कडू. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगे, कारले, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. ऐन हंगामात हापूसची वाट अडली. ब्रिटनमधील भारतीय दुकानदारांनी आणि संसदसदस्यांनी आवाज उठविला, कोकणातील बागायतदारांनी संताप व्यक्त केला. परंतु आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता, हेही मान्य करणे भाग होते. भारताने तपासणी आणि गरम पाण्याची प्रक्रिया सुधारली आणि आंब्यावरील बंदी मुदतीपूर्वीच, २०१५ च्या आरंभी, उठली. अन्यायाची तक्रार आणि घरची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागल्या.

२२/
येथेच या इतिहासातील अवघड प्रश्न उभा राहतो. या पहाऱ्याचा खर्च कोण देतो? विकिरण, गरम पाणी, निरीक्षक, प्रमाणपत्र यांचा भार मोठा निर्यातदार पेलू शकतो. वीस-पंचवीस कलमांचा धनी असलेल्या देवगड-रत्नागिरीच्या लहान बागायतदाराला तो दलालाच्या हवाली करतो. दुसरीकडे पहारा सैल पडला तर नुकसान प्रथम भोगतो तोही लहान शेतकरीच. कारण बुडालेला हंगाम सोसण्याइतकी शिल्लक त्याच्याजवळ नसते. म्हणजे कडक नियमाने तो बाजारातून बाहेर जातो आणि सैल नियमाने शेतीतून. यावर उपाय नियम काढून टाकणे हा नाही. तपासणी आणि प्रक्रिया त्याच्या बांधापर्यंत व परवडणाऱ्या दरात पोहोचविणे हा आहे.

२३/
भारतातील दारही आज पूर्वीइतके साधे नाही. २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार आयातीसाठी परवाना, प्रमाणपत्र आणि किडीच्या जोखमीचा अभ्यास लागतो. तरी त्या आदेशाला बळ देणारा मूळ कायदा अजून १९१४ चाच आहे. त्याच्या जागी व्यापक कायदा आणण्यासाठी २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच व्यपगत झाले. जहाजांच्या काळात, रुईच्या गाठी नजरेसमोर ठेवून लिहिलेला कायदा आज विमाने, टपालाने येणारी बियाणी आणि कंटेनरमधील लाकडी खोकी यांच्यावर लक्ष ठेवून आहे.

२४/
कीड कोणत्याही एका देशाची शत्रू नाही आणि कोणताही देश केवळ निर्दोष नाही, हे या दीडशे वर्षांनी दाखविले. अमेरिकेने फ्रान्सला फिलॉक्सेरा दिला आणि त्यावरचा खुंटही दिला. हिंदुस्थान अमेरिकी भुंग्यापासून बचावला आणि त्याच्या कपाशीतील अळी साऱ्या जगात गेली. फेअरचाइल्ड आणि मार्लाट या दोन मित्रांचा वाद आजही मिटलेला नाही, कारण जगाला दोघांचीही गरज आहे : नवे रोप आणणाऱ्याची आणि ते उलटून पाहणाऱ्याची. परदेशी विमानतळावर पेटी उघडायला सांगणारा अंमलदार एका फळाकडे पाहत असतो. त्याच्या हाती असलेला नियम मात्र त्या फळाच्या वाटेवर उभ्या असलेल्या, कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या वतीने बोलत असतो.

(समाप्त)